एनडीपीएसच्या शिक्षेला अपिलात घटनात्मक आव्हान: कागद, क्रम आणि नेहमीच्या चुका

अपिलाच्या मेमोत वीस-बावीस ग्राउंड्स लिहून झाली की शेवटी एक ओळ टाकलेली असते: 'सदर कलम घटनेच्या अनुच्छेद १४ व २१ चा भंग करणारे असल्याने रद्दबातल ठरवावे.' (अनुच्छेद १४ म्हणजे समानता, २१ म्हणजे जीवित व स्वातंत्र्याचा हक्क.) अमली पदार्थांच्या खटल्यात दहा वर्षांची सक्तमजुरी झालेल्यांच्या अपिलांत ही ओळ सर्रास दिसते, आणि तिचा उपयोग शून्य. भारत सरकार पक्षकार नसते. नेमके कोणते उपकलम घटनाबाह्य आहे ते लिहिलेले नसते. बरेचदा तेच कलम सर्वोच्च न्यायालयाने आधीच वैध ठरवलेले असते. युक्तिवादाच्या दिवशी न्यायमूर्ती विचारतात, 'हा मुद्दा प्रेस करताय का?' वकील मान हलवतात, आणि निकालात 'नॉट प्रेस्ड', म्हणजे मुद्दा सोडून दिला, असे उमटते.

एनडीपीएस कायदा, १९८५ (अमली पदार्थ व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांबद्दलचा केंद्रीय कायदा) मधल्या शिक्षेच्या तरतुदींना उच्च न्यायालयात आव्हान द्यायचे असेल तर काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचे ते इथे दिले आहे. नवे वकील, विधी सेवा पॅनलवरचे वकील, आणि वकिलाला नेमके काय विचारायचे हे समजून घेऊ पाहणारे नातेवाईक यांना ते वापरता येईल. मसुदे इंग्रजीतच द्यावे लागतात, कारण उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. विचार मात्र मराठीत पक्का झाला की मसुदा सोपा जातो.

## टप्पा १: आधी अपील दाखल, अभ्यास नंतर

घटनात्मक मुद्दा कितीही मोठा असला तरी मुदत थांबत नाही. विशेष न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद ११५ प्रमाणे ६० दिवस मिळतात. देहदंडाची शिक्षा असेल तर ३० दिवस. प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेले दिवस कलम १२ खाली वजा होतात, म्हणून प्रतीचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाका. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची एक प्रत मोफत आणि लगेच मिळायला हवी. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६३ मध्ये ते होते, तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (पुढे 'नवी संहिता') ते कलम ४०४ आहे.

अपिलाचा अधिकार एनडीपीएसच्या कलम ३६ब मधून आणि संहितेच्या कलम ३७४(२) मधून, नव्या संहितेत ४१५(२) मधून येतो. १ जुलै २०२४ पूर्वी दाखल होऊन प्रलंबित असलेली अपिले जुन्या संहितेप्रमाणेच चालतात. त्यानंतर दाखल करताना शीर्षकात दोन्ही संहितांची कलमे लिहावीत. रजिस्ट्रीची एक हरकत कमी होते.

मेमोत घटनात्मक मुद्द्याला एक राखीव ग्राउंड ठेवा, पण ते नेमके असू द्या: कोणते कलम, कोणते उपकलम, त्यातले कोणते शब्द, आणि 'स्वतंत्र रिट याचिकेत सविस्तर मांडण्यात येत आहे' हे वाक्य.

अपील कोणत्या पीठाकडे जाणार हेही आधी ठरवा. म्हापशाच्या एनडीपीएस न्यायालयाचा निकाल पर्वरीच्या गोवा खंडपीठाकडे जातो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. जुन्या सवयीने मुंबईत दाखल केलेले कागद परत येतात, आणि त्यात आठवडा जातो.

तपासा: आरोपी तुरुंगात असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अपील तुरुंग अधीक्षकांमार्फतही पाठवता येते. पैसे नाहीत म्हणून मुदत गेली, असे होण्याचे कारण नाही.

## टप्पा २: गुन्ह्याच्या तारखेला कायदा काय होता?

एका कागदावर डावीकडे गुन्ह्याची तारीख लिहा आणि उजवीकडे त्या दिवशी लागू असलेला मजकूर. आजच्या बेअर अ‍ॅक्टमधला मजकूर चालत नाही. एनडीपीएसमध्ये शिक्षा इतक्या वेळा बदलल्या आहेत की चुकीच्या मजकुराला आव्हान दिल्याने याचिका पहिल्याच सुनावणीत अडखळते.

- १४ नोव्हेंबर १९८५: कायदा लागू.
- २९ मे १९८९: १९८९ ची दुरुस्ती लागू. देहदंडाचे ३१अ, शिक्षेला स्थगिती व माफी नाकारणारे ३२अ आणि जामिनाच्या कडक अटींचे आजचे ३७ यातून आले.
- २ ऑक्टोबर २००१: शिक्षा वजनावर बसवली. अल्प, व्यापारी आणि मधले असे तीन गट झाले. वजनांचा तक्ता १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेत आहे.
- १८ नोव्हेंबर २००९: त्या तक्त्याला 'टीप ४' जोडली. मोजायचे ते संपूर्ण मिश्रण, नुसता शुद्ध अंश नाही.
- १ मे २०१४: अल्प प्रमाणासाठीची कमाल कैद सहा महिन्यांवरून एक वर्ष झाली आणि ३१अ मधला देहदंड ऐच्छिक झाला.

२०१४ च्या दुरुस्तीत एक गफलत झाली होती. व्याख्येच्या उपकलमाचा क्रमांक बदलला, पण अवैध व्यापाराला पैसा पुरवण्याबद्दलचे कलम २७अ जुन्याच क्रमांकाकडे बोट दाखवत राहिले. २०२१ मध्ये संसदेने ते दुरुस्त केले आणि दुरुस्ती १ मे २०१४ पासून लागू धरली. मधल्या सात वर्षांतल्या कृत्याबद्दल २७अ खाली शिक्षा झाली असेल, तर अनुच्छेद २०(१) चा मुद्दा, म्हणजे कृत्याच्या दिवशी नसलेल्या गुन्ह्याबद्दल शिक्षा नाही, हा खरोखर वाद घालण्याजोगा आहे. तारखांचा तक्ता केला नाही तर तो नजरेतून सुटतो.

उलट बाजूही लक्षात ठेवा. २००१ च्या दुरुस्तीचा फायदा त्या वेळी प्रलंबित असलेल्या अपिलांना मिळणार नाही, असे दुरुस्ती कायद्याच्या कलम ४१ च्या परंतुकात होते. त्या परंतुकाला अनुच्छेद १४ खाली दिलेले आव्हान बशीर विरुद्ध केरळ राज्य (२००४) मध्ये फेटाळले गेले. तो मुद्दा पुन्हा मांडण्यात अर्थ नाही.

## टप्पा ३: वजन पुन्हा मोजा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि बहुतेक अपिलांत खरी लढाई इथेच असते. दहा वर्षांची किमान शिक्षा व्यापारी प्रमाणालाच लागते. प्रमाण व्यापारी नाही हे दाखवता आले, तर किमान शिक्षेला घटनात्मक आव्हान देण्याची गरजच उरत नाही.

व्याख्येतला शब्द बारकाईने वाचा. व्यापारी प्रमाण म्हणजे तक्त्यातल्या आकड्यापेक्षा *जास्त*. अल्प प्रमाण म्हणजे तक्त्यातल्या आकड्यापेक्षा *कमी*. गांजासाठी हे आकडे १ किलो आणि २० किलो आहेत, चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉइनसाठी ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, कोकेनसाठी २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. बरोबर २० किलो गांजा सापडला तर तो व्यापारी प्रमाणात मोडत नाही.

समजा, पंचनाम्यात 'दोन गोण्या, एकूण वजन २०.६०० किलो' असे लिहिले आहे. रिकाम्या गोणीचे वजन कुठेच नाही. उलटतपासणीत पंच सांगतो की माल गोणीसकट वजन केला. मुद्देमालाच्या यादीत रिकामी गोणी प्रत्येकी ३५० ग्रॅम आहे. म्हणजे ७०० ग्रॅम वजा, निव्वळ १९.९०० किलो. कलम २०(ब)(ii)(क) खालची १० ते २० वर्षांची शिक्षा संपली. आता प्रकरण (ब) मध्ये येते: १० वर्षांपर्यंत कैद, किमान काहीच नाही. घटनेचा एकही अनुच्छेद न उघडता झालेले हे काम आहे.

गांजाच्या बाबतीत व्याख्याही वाचा. कलम २ मध्ये गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बी आणि पाने त्यातून वगळली आहेत. 'पाने, देठ, बिया असलेला हिरवट माल' एवढेच वर्णन पंचनाम्यात असेल आणि शेंड्यांचा उल्लेख नसेल, तर व्याख्येवर स्वतंत्र ग्राउंड उभे राहते. हिरा सिंग निकालाने (टप्पा ४ पाहा) हा मुद्दा संपला, असे सरकारी वकील म्हणतील. तो निकाल मिश्रणातल्या निष्क्रिय पदार्थाबद्दल आहे. मुळात गांजा कशाला म्हणायचे हा प्रश्न वेगळा. दोन्ही एकाच परिच्छेदात लिहिले की न्यायालयही ते एकत्रच फेटाळते.

या टप्प्यावर कागदांचा ढीग लावा: पंचनामा, कलम ४२ ची नोंद (मिळालेल्या खबरीची), कलम ५० ची नोटीस (अंगझडतीच्या हक्काची), कलम ५२अ खालची यादी आणि दंडाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र, कलम ५७ चा अहवाल (अटक व जप्तीचा, वरिष्ठांना), सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा), मालखान्याचे रजिस्टर, संहितेच्या कलम ३१३ खालचा आरोपीचा जबाब. तिन्ही ठिकाणची वजने (जप्तीच्या वेळचे, नमुन्याचे, प्रयोगशाळेतले) शेजारी-शेजारी लिहून काढा.

सावधान: ५२अ चे पालन झाले नाही, एवढ्यावरच सुटका होईल असे गृहीत धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने मोहनलाल निकालात (२०१६) दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने घेण्यावर भर दिला. पण भरत आंबाळे निकालात (२०२५) पालन न होणे एकट्याने घातक नाही, त्याने मालाच्या ओळखीबद्दल शंका निर्माण झाली पाहिजे, असे सांगितले.

## टप्पा ४: ज्या कलमाला हात घालताय, त्यावर आधी काय झाले आहे?

सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलेले कलम उच्च न्यायालय अवैध ठरवू शकत नाही. अनुच्छेद १४१ ने हात बांधलेले असतात. म्हणून मसुद्याआधी ही यादी समोर ठेवा.

३२अ, शिक्षेला स्थगिती. दादू ऊर्फ तुलसीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०००) मध्ये, अपिलीय न्यायालयाचा शिक्षा स्थगित करण्याचा अधिकार काढून घेण्यापुरते हे कलम घटनाबाह्य ठरले. माफी आणि सूट नाकारणारा भाग टिकला. म्हणजे ३२अ सगळेच गेलेले नाही.

३१अ, आधी शिक्षा झालेल्याने पुन्हा गुन्हा केल्यास सक्तीचा देहदंड. इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्क विरुद्ध भारत संघ (मुंबई उच्च न्यायालय, २०११) मध्ये कलम रद्द झाले नाही. 'देहदंड द्यावाच' याच्या जागी 'देता येईल' असे वाचायचे ठरले. मुळाशी मिठू विरुद्ध पंजाब राज्य (१९८३) हा निकाल होता, ज्यात भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ याच कारणाने गेले.

३५ आणि ५४, आरोपीविरुद्धची गृहीतके. नूर आगा विरुद्ध पंजाब राज्य (२००८) मध्ये वैध ठरली. अट एवढीच की मूलभूत गोष्टी सरकार पक्षाने आधी सिद्ध केल्या पाहिजेत. अपिलात ही अट वापरा. कलमे पाडायच्या मागे लागू नका.

वजनाचा तक्ता आणि टीप ४. हिरा सिंग विरुद्ध भारत संघ (२२ एप्रिल २०२०) मध्ये वैध. शुद्ध अंशच मोजावा असे सांगणारा ई. मायकेल राज निकाल (२००८) त्यात चुकीचा ठरला. जुन्या नोट्समध्ये मायकेल राज अजून सापडतो. तो काढून टाका.

६७ खालचा, तपास अधिकाऱ्यांसमोर दिलेला जबाब. तूफान सिंग विरुद्ध तामिळनाडू राज्य (२९ ऑक्टोबर २०२०) नुसार तो कबुलीजबाब म्हणून पुराव्यात चालत नाही. शिक्षा मुख्यतः त्याच्यावर उभी असेल तर हेच पहिले ग्राउंड. घटनात्मक आव्हान नंतर.

राहिली दहा वर्षांची किमान शिक्षा. तिला थेट आव्हान देताना दोन भिंती आहेत. पहिली विक्रम सिंग विरुद्ध भारत संघ (२०१५): शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी हे तत्त्व मान्य, पण ती उघडउघड, धक्कादायक रीतीने बेप्रमाण असल्याशिवाय न्यायालय कायदेमंडळाच्या जागी बसणार नाही. दुसरी नरेंद्र चंपकलाल त्रिवेदी (२०१२): लाचखोरीच्या त्या प्रकरणात, अनुच्छेद १४२ (पूर्ण न्यायासाठीचा सर्वोच्च न्यायालयाचा विशेष अधिकार) वापरूनही किमान शिक्षेखाली उतरता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. स्पष्टच सांगायचे तर 'दहा वर्षांची किमान शिक्षा सरसकट घटनाबाह्य' हा दावा आज उच्च न्यायालयात जिंकण्यासारखा नाही. तो मांडायचा असेल तर सर्वोच्च न्यायालयासाठी जपून ठेवण्याच्या हेतूने मांडा, आणि अशिलाला तसे सांगून ठेवा.

## टप्पा ५: कोणत्या दारातून जायचे

विशेष न्यायालय स्वतः कलम रद्द करू शकत नाही. खटला चालू असतानाच प्रश्न उभा राहिला, तर ते न्यायालय संहितेच्या कलम ३९५ (नव्या संहितेत ४३६) खाली उच्च न्यायालयाकडे प्रश्न पाठवू शकते, किंवा उच्च न्यायालय अनुच्छेद २२८ खाली प्रकरण स्वतःकडे घेऊ शकते. शिक्षा झाल्यावर ही दोन्ही दारे बंद.

अपिलाच्या वेळी व्यवहार्य मार्ग म्हणजे दोन स्वतंत्र कागद: फौजदारी अपील आणि अनुच्छेद २२६ खालची फौजदारी रिट याचिका. दोन्ही एकत्र सुनावणीसाठी टॅग करून (जोडून) घ्यायचे. अपील एकल न्यायमूर्तींकडे आणि वैधतेची याचिका खंडपीठाकडे असे वाटप होऊ शकते. तसे असेल तर एकत्र सुनावणीचा अर्ज सुरुवातीलाच द्या. नाहीतर अपील निकाली निघते आणि याचिकेत 'आता काय उरले?' असा प्रश्न येतो.

इथे सर्वाधिक चूक होते: रिट याचिकेत 'विशेष न्यायालयाचा निकाल रद्द करावा' अशी मागणी घालतात. न्यायालयाच्या न्यायिक निकालाविरुद्ध मूलभूत हक्कांच्या भंगासाठी रिट चालत नाही, हे नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६६) पासून ठरलेले आहे. याचिका फक्त कायद्याच्या तरतुदीविरुद्ध. निकालाविरुद्धची मागणी अपिलात.

## टप्पा ६: याचिकेचा मसुदा

पक्षकार. एनडीपीएस केंद्राचा कायदा आहे. नुसते महाराष्ट्र राज्य किंवा गोवा राज्य पुरत नाही. भारत संघ हवा, आणि तोही योग्य मंत्रालयामार्फत: कायदा आणि वजनाची अधिसूचना वित्त मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे आहेत. एनसीबी (केंद्राचा अमली पदार्थ नियंत्रण विभाग) गृह मंत्रालयाखाली येते. तपास एनसीबीने केला म्हणून फक्त गृह मंत्रालयाला जोडले, तर अधिसूचनेबद्दल उत्तर द्यायला कोणीच नसते. तपास यंत्रणा (एनसीबी, महसूल गुप्तवार्ता संचालनालय म्हणजे डीआरआय, सीमाशुल्क किंवा पोलिसांचा अमली पदार्थ विरोधी कक्ष) ज्या नावाने खटल्यात होती त्याच नावाने घ्या. केंद्रीय कायद्याच्या वैधतेचा प्रश्न असल्याने महान्यायवादींना नोटीस काढण्याची विनंती याचिकेतच करा.

तथ्ये. दोन पाने पुरतात. गुन्ह्याची तारीख, वजन, आरोपीची भूमिका, शिक्षा, भोगलेली कैद. आरोपीला हीच तरतूद लागली आणि तिच्यामुळेच शिक्षा वाढली, हे एका वाक्यात दिसले पाहिजे. व्यापारी प्रमाणातल्या आरोपीने ३१अ ला आव्हान दिले आणि त्याची आधीची शिक्षाच नाही, तर त्याला विचारण्याचा हक्कच नाही.

घटनात्मक आधार. प्रत्येक अनुच्छेदासाठी वेगळा परिच्छेद. अनुच्छेद १४ खाली: वर्गीकरण कशावर, त्याचा कायद्याच्या हेतूशी संबंध काय, कोण चुकीने एकाच डब्यात पडले. (उदाहरण: गोणी वाहून नेणारा हमाल आणि मालाचा मालक यांना केवळ वजनामुळे एकच किमान शिक्षा.) अनुच्छेद २१ खाली: न्यायालयाचा विवेकाधिकार कुठे संपवला आहे, आणि तो संपवणे न्याय्य प्रक्रियेत का बसत नाही. अनुच्छेद २०(१) फक्त तारखेचा प्रश्न असेल तरच. कायदा वैध आहे असे गृहीतक असते आणि ते मोडण्याचे ओझे आव्हान देणाऱ्यावर असते, हे रामकृष्ण दालमिया निकालापासून (१९५८) ठरलेले आहे. त्यामुळे 'अन्यायकारक', 'अमानुष' ही विशेषणे पुराव्याची जागा घेत नाहीत.

परदेशी निकालांबद्दल थोडे. आपल्या घटनेत अमेरिकेच्या आठव्या दुरुस्तीसारखे, क्रूर शिक्षेला मनाई करणारे स्वतंत्र कलम नाही. अमेरिकन निकाल चिकटवायचा मोह होतो, पण हार्मेलिन विरुद्ध मिशिगन (१९९१) मध्ये ६७२ ग्रॅम कोकेनसाठी पॅरोलशिवाय जन्मठेप तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. सरकारी वकील तोच निकाल तुमच्यावर उलटवतात. कॅनडाचा आर. विरुद्ध स्मिथ (१९८७) जास्त उपयोगी: अमली पदार्थ आयातीसाठीची सात वर्षांची किमान शिक्षा तिथे रद्द झाली. तरी तो पूरक म्हणूनच, शेवटी, एका परिच्छेदात.

मागण्या. याचिकेचे भवितव्य बऱ्याच अंशी इथे ठरते. दादू आणि हार्म रिडक्शन या दोन्ही निकालांत मिळालेला दिलासा अरुंद होता: एकात 'इतक्यापुरते', दुसऱ्यात एका शब्दाचे वाचन. मागण्या उतरत्या क्रमाने लिहा:

(अ) कलम अमुकचे उपकलम तमुक, अमुक शब्दांपुरते, अनुच्छेद १४ व २१ च्या विरुद्ध असल्याचे जाहीर करावे;
(आ) पर्यायाने, ते शब्द न्यायालयाचा विवेकाधिकार शिल्लक ठेवणारे म्हणून वाचावेत;
(इ) पर्यायाने, ते याचिकाकर्त्याच्या तथ्यांना लागू होत नाहीत असे ठरवावे.

'संपूर्ण कायदा रद्द करावा' ही मागणी लिहू नका. ती वाचून बाकीच्या मागण्यांकडेही गांभीर्याने पाहिले जात नाही.

तपासा: (अ) मान्य झाली तर आरोपीची शिक्षा नेमकी किती होईल? उत्तर देता येत नसेल तर मसुदा अपुरा आहे. किमान शिक्षा गेली तरी न्यायालय दहाच वर्षे देऊ शकते. म्हणून अपिलात कमी शिक्षेची कारणे (वय, भूमिका, आधीची शिक्षा नसणे, तुरुंगातले वर्तन) तयार हवीत.

## टप्पा ७: शिक्षेवर बिनघटनात्मक ग्राउंड्स

घटनात्मक प्रश्नाशिवाय प्रकरण निकाली निघत असेल तर न्यायालय त्या प्रश्नात शिरत नाही. म्हणून ही ग्राउंड्स याचिकेच्या आधी, अपिलात.

दहापेक्षा जास्त वर्षे दिली असतील तर कलम ३२ब उघडा. त्यात सहा घटक आहेत: हिंसा किंवा शस्त्रांचा वापर, सार्वजनिक पदाचा गैरफायदा, अल्पवयीनांचा वापर, शाळा किंवा समाजसेवेची जागा वा तिचा परिसर, संघटित टोळी, आणि त्या गुन्ह्याने सोपे झालेले इतर बेकायदा धंदे. रफीक कुरेशी निकालाप्रमाणे (२०१९) वजनही विचारात घेता येते. पण 'माल मोठा आहे, समाजाला घातक आहे' एवढ्या एका वाक्यावर पंधरा वर्षे दिली असतील, तर ती खाली आणण्याची शक्यता कलम पाडण्यापेक्षा कितीतरी जास्त.

दंड न भरल्यास भोगायची कैदही पाहा. दंड एक ते दोन लाख, आणि तो न भरल्यास आणखी दोन-तीन वर्षे, असे आदेश असतात. शहजादखान पठाण विरुद्ध गुजरात राज्य (२०१२) मध्ये ही जादा कैद तीन वर्षांवरून सहा महिन्यांवर आणली गेली. मूळ शिक्षा हलत नसली तरी ही हलते. गरीब आरोपीच्या बाबतीत हे ग्राउंड विसरणे अक्षम्य आहे.

सावधान: शिक्षेचा मुद्दा उघडला की राज्यही शिक्षावाढीचे अपील करू शकते (कलम ३७७, नव्या संहितेत ४१८). आरोपीला तशी कल्पना आधी द्या.

## टप्पा ८: शिक्षेला स्थगितीचा अर्ज

अपील आणि याचिका वर्षानुवर्षे चालतात, त्यामुळे कलम ३८९ (नव्या संहितेत ४३०) खालचा अर्ज वेगळा द्या. दादू निकालामुळे अर्ज करता येतो, पण कलम ३७ च्या अटी अपिलातही लागतात: आरोपी दोषी नसल्याचे मानायला वाजवी कारणे, आणि बाहेर आल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही अशी खात्री. 'घटनात्मक आव्हान प्रलंबित आहे' हे स्थगितीचे कारण होत नाही. लोकेश चढ्ढा निकालात (२०२१) कारणे न देता दिलेली स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने उलटवली. म्हणून न्यायालयाला लिहिता येतील अशी कारणे तुम्हीच अर्जात मुद्देसूद द्या.

अर्जासोबत तुरुंगाचे प्रमाणपत्र जोडा: अटकेची तारीख, कच्च्या कैदेचे दिवस, शिक्षेनंतरचे दिवस, फर्लो किंवा पॅरोल मिळाली असल्यास तिचे दिवस. एकूण भोगलेली कैद वर्षे-महिने-दिवसांत. अंदाजे लिहिलेला आकडा आणि प्रमाणपत्रातला आकडा जुळला नाही तर अर्जच तहकूब होतो. दीर्घ कैदेवर बोलताना मोहम्मद मुस्लिम विरुद्ध दिल्ली राज्य (२०२३) वापरता येतो, पण तो कच्च्या कैद्याच्या जामिनाचा निकाल आहे हे स्वतःहून सांगा. समोरचा सांगणारच आहे.

## टप्पा ९: सुनावणी आणि मुद्दा जपणे

युक्तिवादाचा क्रम: पुरावा, मग वजन, मग शिक्षेचे प्रमाण, शेवटी वैधता. लेखी टिपण याच क्रमाने, दहा-बारा पानांत. वैधतेसाठी त्यातली तीन पाने पुरे.

न्यायालय वैधतेत शिरायला तयार नसेल तर 'प्रेस करत नाही' म्हणू नका. 'हा प्रश्न खुला ठेवावा' अशी विनंती करा आणि आदेशात ते शब्द आले का ते त्याच दिवशी पाहा. नसतील तर 'स्पीकिंग टू मिनिट्स' (आदेशातली चूक दुरुस्त करून घेणे) साठी लगेच उल्लेख करा. पंधरा दिवसांनी रोजनामा काढून उपयोग होत नाही.

सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेला उच्च न्यायालयाच्या निकालापासून ९० दिवस आहेत. त्यासाठी विशेष न्यायालयाच्या मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे लागतात: पंचनामा, साक्षी, ३१३. भाषांतराचे काम उच्च न्यायालयाचा निकाल राखून ठेवला जातो त्या दिवशीच सुरू करा. तीनशे पानांचे पेपरबुक शेवटच्या आठवड्यात भाषांतरित होत नाही. आरोपी स्थगितीवर बाहेर असेल आणि अपील फेटाळले गेले असेल, तर शरण येण्याची तारीख निकालातच दिलेली असते. मुदत वाढवून हवी असल्यास ती तारीख उलटण्याआधी अर्ज करा.